दहावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात

दरवर्षी तेच. गावाकडची मावशी, खालच्या मजल्यावरचे काका, बायकोच्या ऑफिसातल्या कोणीतरी मॅडम, सगळ्यांचा प्रश्न एकच, पोराला पन्नास-पंचावन्न टक्के पडलेत तर आयटीआयला टाकू का. ज्याच्या पोराला पंच्याऐंशी पडलेत त्याचा फोन कधी येत नाही, आणि माझी चिडचिड तिथूनच सुरू होते. मी मुंबईतल्याच एका सरकारी आयटीआयचा फिटर, म्हणजे यंत्राचे भाग घासून, जुळवून बसवणारा, पुढे अप्रेंटिस, म्हणजे कंपनीत शिकाऊ, आता ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत मेंटेनन्सला, त्यामुळे लोकांना वाटतं ह्याला सगळं माहीत असणार. तर एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी हेच फॉरवर्ड करीन.

फिटरला पहिले काही महिने काय करतात, तर घासतात. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा तुकडा व्हाईसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात आवळायचा, कानस दोन्ही हातांनी धरायची, पुढे नेताना दाब, मागे आणताना हलकी, आणि घासत राहायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल सरकार पोरांचा टाईमपास करतंय. पण घासलेल्या बाजूवर ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोनाची पोलादी पट्टी, टेकवून ती उजेडाकडे धरली की सगळं उघडं पडतं, पट्टी मध्येच टेकलेली असते आणि दोन्ही कडांना उजेडाची फट दिसते, म्हणजे मध्ये फुगवटा राहिला आणि कडा खाली गेल्या. नवीन पोराचं हे हमखास होतं, कारण त्याची कानस जाताना डुलते. ती सरळ जायला लागेपर्यंत आठवडे जातात, तळहाताला फोड येतात, काही जण तिथेच सोडून जातात. आमचे सर कानशीच्या दातांत खडू घासायला लावायचे, म्हणजे कीस दातांत अडकून जॉबवर, म्हणजे घासत असलेल्या तुकड्यावर, ओरखडे पडत नाहीत. आणि जॉब बिघडला तर ओरडायचे वगैरे नाहीत, शांतपणे म्हणायचे, नवीन तुकडा काप. हॅक्सॉने कापायचा, म्हणजे अख्खी दुपार गेलीच समजा, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं असं वाटायचं.

मग मार्किंग येतं, मोरचूद लावून तांबूस झालेल्या पत्र्यावर स्क्राइबरने रेघा, त्यावर सेंटर पंचचे ठिपके, मग मेल-फिमेल जॉब, दोन तुकडे एकमेकांत सरकले पाहिजेत पण हलता कामा नयेत. व्हर्नियर ०.०२ मिलीमीटरपर्यंत वाचतो, पण कुठे घासायचं हे तो सांगत नाही, ते हाताला कळावं लागतं. आजही पंप आणि मोटरला जोडणारी कपलिंग एका रेषेत आणताना डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक, लावतोच, पण त्याआधी कपलिंगच्या कडेवरून नख फिरवून पायरी लागते का बघतो, आणि बऱ्याचदा नखाला जे लागलेलं असतं तेच डायल आकड्यात सांगतो. व्हिडिओ बघून हे येत नाही, आमच्याकडे डिप्लोमा, डिग्रीवाली पोरं येतात, हुशार असतात, ड्रॉइंग माझ्यापेक्षा भराभर वाचतात, पण बोल्ट किती आवळायचा हे त्यांना पान्यातून कळायला वेळ लागतो.

आता म्हणाल हात तयार असला की झालं, सर्टिफिकेट कशाला. तर माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, सगळं काम खात्यातच शिकलेले, जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या हाताखाली, साचा कुठे अडतोय ते नुसतं ऐकून सांगायचे म्हणे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि पुढे किती गिरण्या कायमच्या बंद पडल्या हे परळ-लालबागमध्ये कोणाला सांगायला नको. वडील नंतर दुसरीकडे काम मागायला गेले की पहिला प्रश्न, शिक्षण काय झालंय तुमचं, कागद काय आहे. कागद काहीच नव्हता. शेवटी एका सोसायटीत वॉचमन. त्यामुळे आमच्या घरात आयटीआय ही मागे पडलेल्या पोराची जागा कधीच नव्हती, आईने मार्कांकडे न बघता मला हाताला धरून फॉर्म भरायला नेलं होतं.

आयटीआयची ही योजना १९५० पासूनची आहे, देशभर अभ्यासक्रम एकच, शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट, त्यामुळे मुलुंडला केलेला फिटर गुजरातेत गेला तरी फिटरच. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, एसी-फ्रिजवाला ट्रेड हे दोन वर्षांचे, वेल्डर, प्लंबर एक वर्षाचे. त्यानंतर अप्रेंटिसशिप, आणि ही अजिबात सोडू नका. १९६१ चा कायदा आहे त्याला, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. माझगाव डॉकची स्वतःची अप्रेंटिस शाळा आहे, आठवीवाले, दहावीवाले, आयटीआयवाले असे वेगळे गट घेतात. रेल्वेचे परळ, माटुंगा वर्कशॉप आहेत, आणि तिथली मेरिट दहावीचे आणि आयटीआयचे मार्क मिळून लागते, परीक्षा नाही. म्हणजे पंच्याऐंशीवाल्याने खरं तर आधी फोन करायला हवा! बाकी प्रायव्हेटमध्ये बघून घ्या, काही ठिकाणी अप्रेंटिसला वर्षभर पॅकिंगला बसवतात आणि वर्ष संपलं की नवीन बॅच, अशा ठिकाणी गेलेल्या पोराच्या हातात कागद असतो आणि हात कोराच.

कुठला ट्रेड घ्यावा हा पुढचा प्रश्न. मी फिटर असून सांगतो, मुंबईतच राहायचं असेल तर आज इलेक्ट्रिशियन किंवा एसी. एलबीएस रोडवर मुलुंड-भांडुपला रांगेने कंपन्या होत्या, आता मॉल आणि टॉवर. पण चाळीस मजल्याच्या टॉवरला लिफ्ट आहे, फायर पंप आहे, डिझेल जनरेटर आहे, शेकड्यांनी एसी आहेत, मेट्रोवाले पण टेक्निशियन म्हणून आयटीआयची पोरं घेतात. लेथवर हात बसलेल्या टर्नरला मात्र वसई, तळोजा नाहीतर पुण्याची वाट धरावी लागते. एसीचं सांगायचं तर नाक्यावरचा मुलगा पाइप जोडतो, थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढतो आणि झालं म्हणतो, व्हॅक्युम पंप लावतच नाही. नीट शिकलेला आधी व्हॅक्युम करतो, म्हणजे पंपाने पाइपातली हवा ओढून घेतो, आणि हल्लीच्या एसीत आर-३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, म्हणून हे काम अर्धवट शिकून करायचं नाही.

प्रवेशाआधी वर्कशॉप बघून या. मशीन जुनी असतील, असू देत, मी सगळ्यात आधी भंगाराचा डबा बघतो. ताजा कीस, कापलेले तुकडे, वाकडे झालेले जॉब दिसले तर पोरं खरंच काम करतायत. डबा रिकामा आणि मशीन चकाचक असेल तर पुढचं आयटीआय बघा. आणि पुढे शिकता येत नाही हा गैरसमज काढून टाका, दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

परवा वहिनींचा फोन होता, पुतणीला इलेक्ट्रिशियन करायचंय, मुलींना घेतात का म्हणून. घेतात वहिनी, तीस टक्के जागा मुलींना राखीव आहेत आणि त्या भरत नाहीत म्हणून आमचे सर दरवर्षी हळहळायचे. फक्त ऑनलाइन ऑप्शन भरताना नीट भरा, पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला की प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून एक नंबरला मुलुंडचं इलेक्ट्रिशियन, दोनला कुर्ला, आणि शेजारीण म्हणते म्हणून मध्येच फॅशनवाला काही टाकू नका. पहिल्या दिवसापासून सुती कपडे, केस वर बांधलेले, हातात बांगडी-अंगठी नाही, आणि चपला घालून पाठवलीत तर निदेशक दारातूनच परत पाठवतील.