आमची वाटचाल : डब्यापासून डिशपर्यंत

वाईच्या गणपती आळीत आमचं दुकान आहे. बोर्डावर आज सीसीटीव्ही आणि नेटवर्किंग लिहिलंय, पण हे दुकान उभं राहिलं ते हाताने बनवलेल्या डिरेक्शनल, म्हणजे एकाच दिशेला सिग्नल फेकणाऱ्या, वायफाय अँटेनावर. हे लिहून ठेवायचं कारण एवढंच, की आमच्या मालाबद्दल या भागात एके काळी बरंच खोटं पसरवलं गेलं आणि त्याला उत्तर द्यायची संधी आम्हाला तेव्हा कोणी दिली नाही.

2005 साली सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा, म्हणजे वायफायचा, पट्टा विनापरवाना खुला केला. अट होती ती अँटेनातून बाहेर पडणारी ताकद 4 वॅटच्या आत ठेवण्याची. आम्ही 2008 मध्ये सुरुवात केली. तेव्हा गावात ब्रॉडबँड होतं, मळ्यात नव्हतं. घर वाईत आणि शेत मेणवलीला किंवा धोमच्या बाजूला, अशी माणसं आमची गिऱ्हाइकं. त्यांचंच घरचं कनेक्शन त्यांच्याच शेतावर न्यायचं, एवढंच आमचं काम. इंटरनेट आम्ही कधी विकलं नाही.

सुरुवातीचे भागीदार म्हणजे मास्तर. आयुष्यभर ट्रान्झिस्टर आणि टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. त्यांची डाग देण्याची (सोल्डरिंगची) पद्धत अशी, की सांधा आरशासारखा चमकायचा. गणित माझं, हात त्यांचा. पहिली मेणवलीची लिंक, म्हणजे घर ते शेत बिनतारी जोडणी, आम्ही पत्र्याच्या डब्यांचेच अँटेना करून चालवली. डबा कुठलाही चालतो हा समज चुकीचा आहे. दूध पावडरचा 10 सेंटिमीटर व्यासाचा डबा सहज मिळतो म्हणून सगळे तोच घेतात. पण त्या व्यासात लहरीचा दुसरा प्रकारही वाट काढतो आणि झोत बिघडतो. 9 सेंटिमीटरचा घ्यावा, तळापासून 51 मिलिमीटरवर भोक पाडावं आणि आत पितळी तार 31 मिलिमीटर ठेवावी. मास्तर तार मुद्दाम किंचित लांब कापायचे आणि सिग्नल बघत बघत कानशीने उतरवायचे. तार कमी करता येते, वाढवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. डब्याला प्लास्टिकचं झाकण लावायचं तर आधी ते पाण्याच्या ग्लासासोबत मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट ठेवून बघायचं. झाकण तापलं तर ते सिग्नलही खाणार.

डबा दोन-तीन किलोमीटरला पुरतो. पाचगणीच्या कड्यावर नानांची स्ट्रॉबेरीची नर्सरी आहे, वाईपासून सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटर. तिथे डब्याचं काम नाही. मग भंगारातून 60 सेंटिमीटरच्या डीटीएच डिश आणल्या आणि एलएनबीच्या (डिशसमोर दांडीवर असतो त्या डबीच्या) जागी बायक्वाड, म्हणजे दोन चौकोनी फाशांचा अँटेना, बसवला. अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर सोलायची, 31 मिलिमीटरच्या बाजूंचे दोन चौकोन वळायचे आणि ते 123 मिलिमीटरच्या तांबं चढवलेल्या बोर्डासमोर बरोबर 15 मिलिमीटरवर उभे करायचे. वर्नियर कॅलिपर त्यासाठीच मी लॅमिंग्टन रोडवरून आणला, अजून तोच वापरतो. राउटरची पॉवर उतरवून मर्यादेत आणली, तरी नानांकडे उणे 66 डीबीएम मिळायचे. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला.) त्या काळात पाचगणीत बसून वाईच्या घरचे कॅमेरे बघणारा माणूस म्हणून लोक नानांकडे कौतुकाने बघायचे, आणि नाना प्रत्येकाला आमचा नंबर द्यायचे.

मग 2012 चा पावसाळा आला. त्या वर्षी पाचगणी आणि भिलारकडच्या लिंक एकामागून एक पडू लागल्या. त्याच सुमारास तयार ग्रिड (जाळीच्या डिशचे) अँटेना विकणारी एक पार्टी या भागात शिरली होती. त्यांनी गावभर बोलायला सुरुवात केली, डब्याडुब्याचा माल पावसात टिकणारच नाही. आमची लिंक असलेल्या एका हॉटेलवर जाऊन त्या पार्टीच्या माणसाने आमच्या बायक्वाडला मल्टिमीटर लावला, बझर वाजला आणि त्याने मॅनेजरला सांगितलं, "शॉर्ट आहे, जळलाय." ज्याला काम येतं त्याला माहीत असतं, की बायक्वाड हा बंद फासा आहे. त्याच्या केबलच्या मधल्या तारेत आणि बाहेरच्या जाळीत मीटर वाजलाच पाहिजे, नाही वाजला तर तो तुटलाय. डब्यात उलट, तिथे वाजता कामा नये. पण मॅनेजरला कोण समजावणार? आमचं बिल अडकलं, बाकीच्यांनीही हात आखडले, आणि दुकानाचं भाडं मास्तरांनी स्वतःच्या पेन्शनमधून भरलं.

पावसाने 2.4 गिगाहर्ट्झ अडत नाही. पाचगणीच्या पावसातही दहा किलोमीटरला डेसिबलचा किरकोळ अंश जातो. अडतं ते ओल्या झाडांनी आणि आत शिरलेल्या पाण्याने. दोन्हींतला फरक आकड्यात दिसतो. झाड असेल तर पाऊस थांबून वारा सुटला, की सिग्नल लगेच वर येतो. नानांकडचा आकडा उणे 84 पर्यंत उतरला होता आणि चांगलं ऊन पडल्यावर दोन दिवसांनी हळूहळू चढत होता. म्हणजे पाणी केबलच्या आत होतं.

इतरांनी हात आखडले तेव्हा नाना म्हणाले, "तुमची डिश मी काढत नाही. काय झालंय ते शोधा, वेळ लागला तरी चालेल." त्यांच्या शेडमध्ये बसून आम्ही एका वेळी एकच वस्तू बदलत गेलो. राउटर बदलला, काही नाही. बायक्वाड बदलला, काही नाही. खात्रीची केबल लावली आणि आकडा उणे 67 वर येऊन थांबला. काढलेली केबल मास्तरांनी कनेक्टरपासून ब्लेडने उभी चिरली. बाहेरची जाळी वीतभर काळी पडलेली, मध्ये हिरवट भुगा, आणि दाबल्यावर बोटाला ओल. आम्ही आत सरस असलेली श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) लावून तयार केबली मागवल्या होत्या. होलसेलरने साध्या ट्यूबच्या पाठवल्या, बिलावर मात्र सरसवाल्या लिहिल्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. त्या लॉटची प्रत्येक केबल आम्ही पदरमोड करून बदलली. होलसेलरने फोन उचलणं बंद केलं.

हॉटेलचं पुढे काय झालं तेही सांगतो. त्यांनी वाईकडचं आमचं टोक तसंच ठेवून वर हॉटेलवर नवी ग्रिड लावली. लिंक तरी पडतच राहिली आणि दोष पुन्हा आमच्या टोकावर ढकलला गेला. मी स्वखर्चाने वर गेलो. आमचा बायक्वाड आडव्या 8 सारखा बसवलेला, म्हणजे लहर उभी. त्यांच्या ग्रिडचा फीड (जाळीसमोरचा मुख्य भाग) आडवा, म्हणजे लहरही आडवी. अशाने वीसेक डेसिबल हवेतच जातात. फीड 90 अंशात फिरवला, उणे 81 चे उणे 60 झाले. मॅनेजर म्हणाला, "बघा, नवीन अँटेना किती छान आहे." आमचं जुनं बिल त्यांनी आजतागायत दिलेलं नाही, आणि त्या पार्टीच्या जाहिरातीत ते हॉटेल पुढे कित्येक वर्षं झळकत होतं.

त्यानंतर काम वाढलं, माणसं ठेवली. 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टाही खुला झाला, आता लांबच्या लिंकला आम्हीही तयार युनिट लावतो. नानांची डिश अजून आमचीच आहे.

स्वतः अँटेना बनवणाऱ्या मुलांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. राउटरवर बहुधा उलट्या पिनचा एसएमए (अँटेनाची केबल जोडायचा आट्यांचा कनेक्टर) असतो. साध्या एसएमएचे आटे त्यावर बसतात, पण आत दोन्हीकडे पिनच, त्या एकमेकींवर आपटतात आणि नीट जोड होत नाही. पहिल्यांदा तिथे बघा. टीव्हीची आरजी-6 केबल 75 ओहमची, वायफायच्या सामानाशी जुळत नाही, ती इथे नको. आरजी-58 केबल मीटरला जवळजवळ एक डेसिबल सिग्नल खाते, म्हणून राउटरच पेटीत घालून अँटेनाजवळ चढवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कनेक्टरला लावू नका, तांबं खाऊन टाकतं. लांबच्या लिंकला राउटरमध्ये अंतराचं सेटिंग वाढवा, नाहीतर सिग्नल भरपूर आणि स्पीड शून्य. समोर सिल्व्हर ओक असेल तर शेंडा दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेच्या खाली आहे एवढ्यावर समाधान मानू नका. दहा किलोमीटरच्या लिंकवर तुमच्यापासून 200 मीटरवरच्या झाडाच्या वरही चार-पाच मीटर मोकळे लागतात, आणि सिल्व्हर ओक भराभर वाढतो.

आमच्या गिऱ्हाइकांना एक विनंती. डीटीएचची डिश ऑफसेट असते, म्हणजे तिचा नेम तोंडासमोर नसून थोडा वर असतो, त्यामुळे क्षितिजाकडे नेम धरल्यावर ती जमिनीकडे वाकलेली दिसते. दिवाळीच्या रंगकामात पेंटर ती "सरळ" करून ठेवतात आणि मग आम्हाला फोन येतो. खांबावर आम्ही लाल रंगाची खूण केलेली आहे. डिश हलली असेल तर आधी खुणेला खूण जुळवून बघा, मगच फोन करा.