कायदा एकच, कामं वेगवेगळी

आज कर्मचाऱ्यांना माहिती अधिकाराचं प्रशिक्षण दिलं. एरवी आवक-जावकचा लिपिक, अर्जाला उत्तर देणारा जनमाहिती अधिकारी आणि त्या उत्तराविरुद्धचं अपील ऐकणारा अपिलीय अधिकारी एकाच सभागृहात, तीच स्लाईड बघत बसतात. आज तिघांना वेगळं बसवलं.

कारण 2005 चा कायदा तिघांच्या टेबलावर वेगवेगळा येतो. लिपिकाला कलम 6(3) पाठ हवं: अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर 5 दिवसांत तिकडे पाठवायचा, परत करायचा नाही. जनमाहिती अधिकाऱ्याचा सगळा जीव उत्तराच्या 30 दिवसांच्या मुदतीत आणि कलम 8 मध्ये. काय नाकारता येतं, आणि त्याहून महत्त्वाचं, काय नाकारता येत नाही. अपिलीय अधिकाऱ्याला सुनावणी घेऊन कारणांसह आदेश लिहायचा असतो. तो तर लिहूनच शिकता येतो.

लिपिकांच्या गटात खरे अर्ज दिले, नावं झाकून. नुकतीच अनुकंपावर लागलेली एक मुलगी म्हणाली, "सर, हा अर्ज आपला नाहीच, भूमी अभिलेखचा आहे." मोठ्या सभागृहात तिने तोंड उघडलं नसतं, याची मला खात्री आहे.

मिशन कर्मयोगी हा केंद्र सरकारचा कर्मचारी प्रशिक्षणाचा कार्यक्रम 2020 मध्ये मंजूर झाला तेव्हापासून भूमिकेनुसार प्रशिक्षण हा शब्द परिपत्रकांत आहे. आयगॉट या त्याच्या ऑनलाइन मंचावर अभ्यासक्रमही भरपूर आहेत, ते जरूर करावेत. पण हजारो कर्मचाऱ्यांच्या खात्यात कोणाला काय येत नाही, हे आधी विचारायलाच हवं. पुढच्या तुकडीला आठवडाभर आधी प्रश्नावली पाठवतोय. तुमच्या कार्यालयात असं कोणी करत असेल तर नक्की सांगा.