तुम्ही विचारलंत म्हणून: गॅलक्सी मोजायला माणूस कशाला लागतो?

लांबच्या फिकट गॅलक्सी मोजते, इन्फ्रारेड टेलिस्कोपच्या फोटोंमधून, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग मोजायचं काय त्यात, कॉम्प्युटर मोजत असेल ना?" मोजतो की. सॉफ्टवेअर लावलं की थोड्याच वेळात हजारो ठिपक्यांची यादी हातात येते. आमचं काम तिथून पुढे सुरू होतं, कारण त्या यादीतले काही ठिपके गॅलक्सी नसतातच आणि ज्या खरोखर आहेत त्यातल्या कितीतरी यादीत आलेल्याच नसतात.

आता इन्फ्रारेडच का, तर दोन कारणं. एक म्हणजे विश्व पसरतंय त्यामुळे लांबून येणारा प्रकाश ताणला जातो, याला रेडशिफ्ट म्हणतात. रेडशिफ्ट 10 असलेल्या गॅलक्सीच्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ (लहरीची लांबी) 11 पट होते, म्हणजे तिथून 0.5 मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) हिरवा प्रकाश निघाला तर आपल्यापर्यंत येईस्तोवर तो 5.5 मायक्रॉनचा झालेला असतो, डोळ्यांना तो दिसणारच नाही. दुसरं कारण धूळ. नवे तारे धुळीच्या ढगात जन्मतात, ती धूळ त्यांचा प्रकाश गिळते, गरम होते आणि इन्फ्रारेडमध्ये परत सोडते, म्हणजे साध्या फोटोत मरगळलेली दिसणारी गॅलक्सी इथे झगमगत असू शकते.

तर न दिसलेल्या गॅलक्सी कशा मोजायच्या? आम्ही खोट्या गॅलक्सी बनवतो. खरंच! फोटोत आपल्याला माहीत असलेल्या जागी, माहीत असलेल्या ब्राइटनेसचे नकली ठिपके टाकायचे, टेलिस्कोप जितका धूसर करतो तितकेच धूसर करून, आणि मग तेच सॉफ्टवेअर परत चालवायचं. एका वेळी थोडेच टाकायचे, नाहीतर आपणच गर्दी केल्यासारखं होतं, म्हणून हे पुन्हा पुन्हा करत बसावं लागतं. ठळक ठिपके जवळपास सगळे सापडतात, फिकट होत गेले की निसटायला लागतात. समजा एखाद्या ब्राइटनेसला शंभरातले साठच सापडले, तर खऱ्या यादीतल्या तिथल्या आकड्याला 0.6 ने भागायचं. अगदीच कमी सापडायला लागले की थांबायचं, त्यापुढे भागाकार करून येणाऱ्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही.

खोटे ठिपके पकडायची युक्ती मला जास्त आवडते. सगळा फोटो उणे एकने गुणायचा. खऱ्या गॅलक्सी खड्डे होतात, नॉइज (फोटोतली निरर्थक खरखर) मात्र वर-खाली सारखाच असतो, त्यामुळे या उलट्या फोटोत सॉफ्टवेअरला जे काही "सापडतं" ते सगळं निव्वळ नॉइज, म्हणजे खऱ्या यादीतही साधारण तेवढेच ठिपके खोटे. (नॉइज खरंच तसा सारखा आहे का हे आधी तपासायचं, तिथे आळस करून चालत नाही.) शिवाय फिकट गॅलक्सी ठळकांपेक्षा संख्येने जास्त, म्हणून नॉइजमुळे चुकून वरच्या, म्हणजे जास्त ठळकांच्या, खान्यात ढकलल्या गेलेल्या खाली घसरलेल्यांपेक्षा जास्त भरतात. तेही दुरुस्त करायचं.

आणि मग गर्दी. स्पिट्झर या इन्फ्रारेड दुर्बिणीचा आरसा 85 सेंटिमीटरचाच होता, 24 मायक्रॉनला त्याचा एक ठिपका साधारण 6 आर्कसेकंदांचा (अंशाचा 3600वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). हर्शेल या दुसऱ्या इन्फ्रारेड दुर्बिणीचा आरसा साडेतीन मीटरचा, पण 500 मायक्रॉनला ठिपका 36 आर्कसेकंदांच्या आसपास, तेवढ्यात कितीतरी गॅलक्सी एकमेकींत मिसळून जातात, गर्दीच्या स्टेशनवरच्या गोंगाटासारखं, आवाज भरपूर पण कोण काय बोलतंय ते कळत नाही. तिथे कितीही तास फोटो घेतलात तरी फरक पडत नाही, आरसाच मोठा लागतो. जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आहे, लहान वेव्हलेंग्थला त्याचा फायदा लगेच दिसतो.

एवढा खटाटोप कशाला, हेही विचारतातच लोक. गॅलक्सी सगळ्या काळात सारख्याच असत्या आणि अवकाश साधं, म्हणजे न पसरणारं आणि न वाकलेलं, असतं तर दहापट फिकटपर्यंत गेल्यावर साधारण 32 पट गॅलक्सी सापडायला हव्या होत्या. 1995 मध्ये सोडलेल्या आयएसओ दुर्बिणीने 15 मायक्रॉनला मोजल्या तर काही ब्राइटनेसच्या टप्प्यात आकडा याहून झपाट्याने वाढताना दिसला. फिकट म्हणजे बहुधा लांबच्या, आणि लांबचा प्रकाश जुन्या काळातला, म्हणजे पूर्वीच्या विश्वात धुळीआड तारे बनवणाऱ्या गॅलक्सी आजच्यापेक्षा खूप जास्त होत्या. नुसत्या मोजणीतून एवढं कळलं, एकाही गॅलक्सीचं अंतर न काढता! हिशोब पडताळायलाही सोय आहे, कोबी (COBE) नावाच्या उपग्रहाने 1990 च्या दशकात आकाशाची एकूण इन्फ्रारेड पार्श्वभूमी मोजली होती, आपण मोजलेल्या सगळ्या गॅलक्सींच्या प्रकाशाची बेरीज त्याच्या वर जाऊन चालत नाही.

"पण एकूण किती?" हा शेवटचा प्रश्न. 2016 मध्ये 2 लाख कोटींचा अंदाज खूप गाजला, त्यातल्या बहुतेक गॅलक्सी कुणी पाहिलेल्या नाहीत, मॉडेलवरून धरलेल्या आहेत. नंतर प्लूटोच्याही पलीकडे गेलेल्या न्यू होरायझन्स यानाने तिथून आकाश किती काळं आहे ते मोजलं, तर एवढ्या गॅलक्सींना पुरेल इतका प्रकाश काही तिथे दिसेना. मी एकूण आकडा सांगतच नाही. अमुक वेव्हलेंग्थला, अमुक ब्राइटनेसपर्यंत, एका चौरस अंशात किती, एवढं विचारा, ते एरर बारसकट (आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो त्यासकट) देते.