तेरा सह्या कमी

शासनाने आमच्या पदाचं नाव बदलून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलं, पण गावात मला अजून भाऊसाहेबच म्हणतात. एकोणीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काढली, आठ सरपंच पाहिले. त्यातल्या तिघी बायका. खरं सांगायचं तर त्या तिघींपैकी दोघींचा आवाज मला आज आठवत नाही. सह्या मात्र आठवतात, कारण त्यांच्या घरी जाऊनच घ्यायचो.

ही नववी. गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, दुष्काळी पट्ट्यातलं. सोळाशेच्या आसपास मतदार, नऊ सदस्य. १८ डिसेंबर २०२२ ला मतदान झालं आणि २० तारखेला निकाल लागला. थेट जनतेतून सरपंच २०१७ मध्ये सुरू झालं, २०२० मध्ये बंद झालं, २०२२ मध्ये पुन्हा आलं. ही निवडणूक त्या पुन्हा आलेल्या पद्धतीची. त्याचा परिणाम असा की सरपंच एका पॅनेलची निवडून आली आणि नऊपैकी पाच सदस्य दुसऱ्या पॅनेलचे.

आरक्षण सर्वसाधारण महिलेचं निघालं तेव्हा तिच्या चुलत्यांनी, म्हणजे माजी सरपंचांनी, घरातल्या बायका मोजल्या. बायकोची तब्येत बरी नसायची, सुनेचं नाव अजून माहेरच्या मतदार यादीत. उरली पुतणी. वय तेवीस, बीएस्सी, एमपीएससीचा अभ्यास करणारी. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असल्याचा पुरावा लागतो. ही पदवीचं प्रमाणपत्र घेऊन गेली, तर टेबलावरून विचारणा झाली, “हे ठीक आहे, सातवीचं कुठाय?” प्रचारात विरोधकांचा एकच मुद्दा होता: उद्या लग्न होऊन ही दुसऱ्या गावाला गेली तर? चावडीपुढे एका म्हाताऱ्याने तोंडावर विचारलं. ती म्हणाली, “आबा, तुमचा मुलगा पुण्याला जाऊन बारा वर्षं झाली. त्याचं मत अजून इथंच पडतंय की.” लोक हसले. त्या हसण्यावरच पन्नास-साठ मतं फिरली असतील, असा माझा अंदाज.

मला सांगायचं आहे ते २६ जानेवारी २०२३ चं.

आदल्या दिवशी महिला सभा असते. आमच्याकडे ती कागदावर होते. अंगणवाडी सेविका वही घेऊन घरोघर फिरते, बायका पीठ मळता मळता अंगठा उठवतात. हिने मात्र दुपारी तीनची वेळ दिली आणि अंगणवाडीत सतरंजी टाकून बसली. एकतीस बायका आल्या. मला वाटलं शिलाई मशीन मागतील, कारण ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले महिला व बालकल्याणाचे दहा टक्के दर वर्षी त्यातच जातात. पण एक जण म्हणाली, शाळेतल्या पोरींच्या संडासाला आतून कडी नाही. दुसरी म्हणाली, आमच्या वेळीही नव्हती. मग सरपंचताई हळूच म्हणाल्या, “माझ्याही वेळी नव्हती. मी आत गेले की मैत्रीण बाहेरून दार धरून उभी राहायची. ती गेली की मी धरायचे.” मी ठराव लिहून घेतला. चार वर्षं त्या शाळेत माझं येणं-जाणं होतं. त्या दाराकडे मी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि साडेदहाला ग्रामसभा. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे आम्हाला १०० माणसं हवीत. विरोधी पॅनेल पारावर बसलं होतं, बोलावलं तरी आत येईना. त्यांचा डाव सरळ होता: पोरीची पहिलीच ग्रामसभा मोडायची.

सव्वाअकरा झाले. हजेरीच्या वहीत सत्त्याऐंशी सह्या.

चुलते पहिल्या रांगेतून उठले, माझ्या खांद्याशी वाकले. “भाऊसाहेब, घ्या सुरू करून. तेरा सह्या आपण संध्याकाळपर्यंत करून देतो.”

यात नवं काही नव्हतं. हे मी वर्षानुवर्षं केलंय. लपवून काय उपयोग? प्रत्येक गावात आधी सभा होते आणि मग गणपूर्ती होते. मी पेनाचं टोपण काढलं आणि विषय पत्रिका वाचायला उभा राहिलो.

“भाऊसाहेब, किती झाले?” तिने विचारलं.

“सत्त्याऐंशी.”

“मग तेरा कमी आहेत.”

“होतील ताई.”

“आणि झाले नाहीत तर कायद्यात काय आहे?”

मी म्हणालो, सभा तहकूब करायची, पुढची तारीख द्यायची. विषय तेच ठेवायचे, नवा घ्यायचा नाही. आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “म्हणजे आठ दिवसांनी चाळीस माणसं आली तरी चालतील?”

“चालतील.”

“मग आज तेरा जणांचं खोटं कशाला?”

मला उत्तर सुचलं नाही. चुलते म्हणाले, “अगं, नाचक्की हुईल. पयलीच सभा हाय.” ती उभी राहिली, माईक न घेता मोठ्याने म्हणाली, सभा तहकूब, २ फेब्रुवारीला इथंच, याच वेळेला. पारावरून शिट्टी आली. कुणीतरी फटाका लावला. निवडणुकीतला उरला असणार.

लोक पांगले. मी प्रोसिडिंग लिहिलं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात आली. तीन ओळी. खाली अर्ध्याहून जास्त पान कोरं. ती सही करायला बसली आणि पेन हातात धरून थांबली.

“ही जागा कशाला सोडली?”

आता ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. सही खाली, शेवटच्या ओळीवर घ्यायची, मधली जागा मोकळी ठेवायची. मागाहून एखादा ठराव बसवायचा झाला तर बसतो. मी म्हणालो, पद्धत आहे. तिने टेबलावरची पट्टी उचलली, माझ्या तिसऱ्या ओळीच्या खालून पानाच्या तळापर्यंत तिरकी रेघ मारली आणि रेघेच्या वर, ओळीला चिकटून सही केली. मग वही माझ्याकडे सरकवली. माझी सही तिच्या शेजारी कशीबशी मावली.

राग आला होता मला. घरी जाताना मोटारसायकलवर बोलत होतो स्वतःशीच. कालची पोरगी मला शिकवणार.

२ फेब्रुवारीला दीडशेच्या वर माणसं आली, बरीचशी भांडायला. पारावरचेही आले, कारण आता नाही आलं तरी सभा होणार हे त्यांना कळलं होतं. अडीच तास चालली. कडीचा ठराव दोन मिनिटांत झाला. चुलत्यांच्या वस्तीकडे जाणारा काँक्रीट रस्ता आराखड्यात पहिल्या क्रमांकावर होता. लोकांनी हात वर करून तो पाचव्यावर ढकलला. तिने मला तसंच लिहायला सांगितलं. चुलते मधूनच उठून गेले. महिनाभर त्यांच्यात बोलणं नव्हतं, असं तिची आई दूध घालायला आली की सांगायची.

दोन कड्या, स्क्रू, सुताराची मजुरी. व्हाउचर तीनशेच्या आत होतं. पावती मागायला ती स्वतः दुकानात गेली होती.

मग तिचं डिजिटल सहीचं डोंगल आलं, पेनड्राइव्हसारखं असतं ते. वित्त आयोगाचा पैसा आता चेकने जात नाही, आधी माझं डोंगल, नंतर सरपंचाचं. बहुतेक गावांत दोन्ही डोंगल आणि दोन्ही पासवर्ड ऑपरेटरच्या एकाच खणात असतात. चुलत्यांचा निरोप आला, भाऊसाहेबांकडंच राहू दे. तिने ते माझ्यासमोर स्कूटीच्या किल्लीच्या कडीत ओवलं.

मार्चअखेरीला एका ठेकेदाराचं बिल निघायचं होतं. माझं काम सकाळीच झालं, पण ताई सांगलीला परीक्षेला गेलेल्या, फोन बंद. ठेकेदार म्हणाला, “एवढं अडतंय व्हय तिच्यावाचून?” पाच वाजेपर्यंत तो बाकावर बसून होता. मी त्याला दोनदा चहा पाजला.