आरव्ही-७एवर दुसरा अल्टरनेटर: हिवाळ्यातली कामं

मंडळी, मागच्या नोंदीत फक्त बेत सांगितला होता. आता माझ्या छोट्या विमानावर दुसरा अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) बसला आहे, जमिनीवर आणि हवेत तपासून झाला आहे, आणि विमानाच्या लॉगबुकात त्याची नोंदही झाली आहे. मधल्या काळात ज्यांनी "नक्की कशासाठी एवढा खटाटोप?" असं विचारलं, त्यांच्यासाठी आधी कारण.

विमान व्हॅन्स कंपनीचं, घरी बांधायचं आरव्ही-७ए, इंजिन लायकॉमिंग ओ-३६०, कार्ब्युरेटरवालं. ठिणगीसाठी डावीकडे साधा मॅग्नेटो (स्वतःच्या चुंबकावर ठिणगी पाडणारा), उजवीकडे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. म्हणजे वीज पूर्ण गेली तरी इंजिन फिरत राहणार. मॅग्नेटोला बाहेरची वीज लागत नाही आणि पेट्रोलचा मुख्य पंप इंजिनावरच चालतो. अडचण पॅनेलची. हवेच्या ओढीवर चालणारे जुने व्हॅक्यूम जायरो (विमानाचा कल दाखवणारी यंत्रं) काढून गार्मिनचा जी३एक्स हा डिस्प्ले बसवला, तेव्हापासून डोळ्यांसमोरचं सगळं विजेवर आहे. सोबतच्या जी५ या छोट्या डिस्प्लेला स्वतःची बॅटरी आहे, नवी असताना ती चार तासांपर्यंत चालते. त्यामुळे ढगात विमान सरळ ठेवता येईल. पण कुठे जायचं ते दाखवणारं जीपीएस, रेडिओ आणि रडारला उत्तर देणारा ट्रान्सपाँडर हे सगळं मुख्य बॅटरीवरच.

ती बॅटरी ओडिसी पीसी६८०. कागदावर १६ अँपिअर-तास. हा आकडा २० तास हळूहळू वीज काढली तर मिळणारा. एकदम १५ अँपिअर ओढले तर त्याहून बराच कमी मिळतो, आणि तीन हिवाळे काढलेली बॅटरी असेल तर आणखी कमी. मी अर्धा तास धरतो. कारखान्यात प्रमाणित झालेल्या छोट्या विमानांसाठी अमेरिकेच्या जुन्या भाग २३च्या नियमात हेच लिहिलं होतं: वीज तयार होणं थांबलं तर अत्यावश्यक यंत्रं बॅटरीवर निदान ३० मिनिटं चालली पाहिजेत. गंमत अशी की इन्स्ट्रुमेंट उड्डाणात (ढगात फक्त यंत्रांकडे बघून उडताना) पेट्रोलचा राखीव साठा ४५ मिनिटांचा ठेवावा लागतो. टाकीत पेट्रोल आणि पॅनेल काळं, असा पंधरा मिनिटांचा खड्डा मला इलिनॉयच्या नोव्हेंबरातल्या ढगांत नको आहे.

काही जणांनी दुसरी बॅटरी सुचवली होती. वाईट उपाय नाही, पण दुसरी बॅटरी वेळ वाढवते आणि दुसरा अल्टरनेटर वेळेचा प्रश्नच काढून टाकतो. टाकीत पेट्रोल असेपर्यंत वीज.

जागा आणि निवड

व्हॅक्यूम पंप काढल्यावर लायकॉमिंगच्या मागच्या अॅक्सेसरी केसवर त्याची बैठक रिकामी राहते. तिथे झाकणपट्टी लावून आपण मोकळे होतो. ही बैठक आतल्या गिअरवर चालते, इंजिनाच्या १.३ पट वेगाने. इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर असेल तर बैठक ३१२०वर. मुख्य अल्टरनेटर पुढे, पट्ट्यावर. म्हणून पट्टा तुटो, पुलीचा ब्रॅकेट तडको, जाड वायरचा लग कंपनाने मोडो, मागच्या यंत्राला त्याचं सोयरसुतक नसतं. हा वेगळेपणा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. एकाच पट्ट्यावर दोन अल्टरनेटर लावले तर दोन अल्टरनेटर असल्याचं फक्त समाधान मिळतं.

कॅन्ससमधल्या न्यूटन गावची बी अँड सी कंपनी या बैठकीसाठी अनेक प्रकार बनवते. मोठे वीस-तीस अँपिअरचे आहेत. मी सगळ्यात छोटा घेतला, एसडी-८. आठ अँपिअर, वजन साडेतीन पौंडांच्या आसपास, आत कायमचे चुंबक. ना ब्रश, ना फील्ड वायर. एवढ्याशा विजेत काय होणार, असं हँगरमधल्या शेजाऱ्यानेही विचारलं. आठ अँपिअर पुरतात की नाही हे अल्टरनेटरवर ठरत नाही, आपण काय काय बंद करायला तयार आहोत यावर ठरतं. महाराष्ट्रात भारनियमनाच्या दिवसांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब, फ्रिजला हात लावायचा नाही.

म्हणून अल्टरनेटर मागवण्याआधी क्लॅम्प मीटर घेऊन बसलो आणि एकेक वायर मोजली. मोठा डिस्प्ले १.८ अँपिअर. दिशादर्शक आणि इंजिनाचे सेन्सर मिळून ०.७. जीपीएस-रेडिओ नुसता ऐकताना १.६. ट्रान्सपाँडर ०.९, इलेक्ट्रॉनिक इग्निशन ०.९, इंटरकॉम ०.३. बेरीज ६.२. रेडिओवर बोलताना आकडा आठच्या वर उडी मारतो, पण ते काही सेकंदांपुरतं. तेवढं बॅटरी देते आणि नंतर परत भरून घेते. दुसरा डिस्प्ले, ऑटोपायलट, सगळे दिवे आणि पिटोचा (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीचा) हीटर या यादीत नाहीत. हीटर एकटा दहा अँपिअरच्या वर खातो. बर्फ धरणाऱ्या ढगात हे विमान न्यायचंच नाही हा नियम माझा आधीपासून आहे, त्यामुळे त्याचं दुःख नाही.

तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन असेल तर हे गणित विसरा. तिथे वीज गेली की इंजिनच जातं, त्यामुळे वीस-तीस अँपिअरवालाच बघा.

फेब्रुवारी: चार नट

यंत्र बैठकीवर बसवणं म्हणजे गास्केट ठेवा, स्प्लाइन (शाफ्टचे दाते) जुळवा, चार स्टडवर वायसर आणि नट. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात वरचे दोन नट गाठणं ही वेगळीच विद्या आहे. मागे फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली आगरोधक भिंत), बाजूला ऑइल फिल्टर, वर मॅग्नेटोच्या वायरींचा गुंता. अल्टरनेटरचं अंग आणि स्टड यांच्यामध्ये बोटही धड जात नाही. नट आट्यांवर चढवायचा तर यंत्र पूर्ण बसण्याआधीच, आणि मग नट थोडा फिरवा, यंत्र थोडं पुढे ढकला, परत नट फिरवा, असं चारही बाजूंनी आळीपाळीने. एक स्वस्तातला पाना ग्राइंडरवर घासून पातळ केला आणि त्याची मूठ अर्धी कापली. असा बळी दिलेला पाना प्रत्येक हँगरात एक तरी असतोच, तो आता माझ्याकडेही आहे. बायकोने दाताच्या डॉक्टरकडचा असतो तसला आरसा आणि टॉर्च धरला, तेव्हा कुठे शेवटचा नट घट्ट झाला. हँगरमधलं तापमान शून्याखाली होतं; याबद्दल तिचं मत मी इथे लिहीत नाही.

ऑइल फिल्टर काढून मग हे काम करा. तेल बदलायच्या दिवसाशी जुळवून घेतलं तर एका दगडात दोन पक्षी. आणि झाकणपट्टी काढल्यावर आतल्या ऑइल सीलकडे नीट बघा. वर्षानुवर्षं कोरडं बसलेलं सील शाफ्ट फिरायला लागल्यावर पाझरू शकतं. माझं बदलूनच टाकलं.

मार्च: तारा

इथे खरा वेळ गेला, आणि गेला ते बरं झालं.

नेहमीच्या अल्टरनेटरला फील्ड वायर असते. ती तोडली की चुंबकत्व जातं आणि वीज थांबते. कायमच्या चुंबकांना असं आवरता येत नाही. इंजिन फिरतंय तोवर एसडी-८ वीज बनवतच राहणार. म्हणून त्याला थांबवण्याचा एकच मार्ग: बाहेर येणारी वीज रिलेने तोडणे. अल्टरनेटरमधून दोन वायरींवर एसी निघते, ती रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये (एसीची डीसी करून व्होल्टेज आवरणाऱ्या डब्यात) जाते, सोबत मोठा कपॅसिटर. स्विच बंद झाला किंवा व्होल्टेज जादा झालं की रिले उघडतो. जादा व्होल्टेजचं रक्षण करणारा छोटा मॉड्यूल मी बसवण्याआधी टेबलावर तपासला. कमी-जास्त करता येणाऱ्या पॉवर सप्लायने व्होल्टेज हळूहळू चढवलं, १६.२ व्होल्टला त्याने शॉर्ट केलं आणि ब्रेकर फटकन उडाला. हा आवाज ऐकल्याशिवाय तो मॉड्यूल विमानात घालू नका. एकदा पॅनेलमागे गेल्यावर तो चालतो की नाही हे कळायला खरा बिघाडच लागतो.

जोडणीचा सांगाडा विमानांच्या विद्युत जोडणीवर लिहिणाऱ्या बॉब नकल्स यांच्या झेड-१३/८ या आकृतीचा. घरी विमान बांधणाऱ्यांत ती सर्वांना ठाऊक आहे. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या अल्टरनेटरची वीज मुख्य बसवर (यंत्रांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर) न देता बॅटरी कॉन्टॅक्टरच्या (बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या) बॅटरीकडच्या टोकाला दिली आहे. त्यामुळे मुख्य अल्टरनेटर गेल्यावर मास्टर स्विच (कॉन्टॅक्टर चालवणारा मुख्य स्विच) चक्क बंद करता येतो. मुख्य बस मरते, तिच्यावरचं सगळं एका झटक्यात बंद होतं, आणि वेगळ्या 'गरजेच्या बस'वरची यंत्रं बॅटरीकडून थेट येणाऱ्या वेगळ्या वाटेने चालू राहतात. शिवाय कॉन्टॅक्टरची कॉइलच पाऊण-एक अँपिअर खाते, तेही वाचतं. आठच्या हिशेबात पाऊण अँपिअर म्हणजे जवळजवळ ट्रान्सपाँडर.

दोन्ही बसच्या मधोमध डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे, म्हणजे गरजेच्या बसवरची वीज उलटी मुख्य बसकडे पळत नाही. डायोडवर अर्ध्या व्होल्टच्या वर पडतं, त्यामुळे रोजच्या उड्डाणात ती बस थोडी कमी व्होल्टेज दाखवते. दोष नाही, घाबरू नका.

रेग्युलेटर फायरवॉलच्या आतल्या, थंड बाजूला बसवला. वायरी स्टेनलेसच्या कॉलरमधून आत आणल्या आणि भोवती फायर सीलंट भरलं. पहिल्यांदा इंजिन चालवलं तेव्हा हेडफोनमध्ये बारीक शिट्टी, इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी. एसीच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन माइकच्या वायरींपासून दूर, पॅनेलच्या दुसऱ्या बाजूने नेल्या आणि रेग्युलेटरचा अर्थ फायरवॉलवरच्या सामाईक जागी आणला. शिट्टी गेली.

कागदपत्रं

प्रयोगात्मक गटातलं स्वतः बांधलेलं विमान आणि माझ्याकडे त्याचं रिपेअरमन प्रमाणपत्र, त्यामुळे बदल मीच केला, मीच तपासला, लॉगबुकात सही मीच केली. वजन आणि गुरुत्वमध्याचा नवा हिशेब जोडला: रेग्युलेटर आणि तारांसह साधारण दोन किलो वाढले, तेही नाकाकडे. मागे सामान भरल्यावर माझं विमान मागच्या मर्यादेकडे झुकतं, म्हणून ही वाढ मला चालते. सेस्ना १७२वर हेच करायचं असतं तर एसटीसी (त्या बदलाची अधिकृत मंजुरी), फॉर्म ३३७ (मोठ्या बदलाच्या नोंदीचा कागद) आणि अधिकृत निरीक्षकाची सही लागली असती.

भारतातले काही वाचक विचारतात, हे तिकडे करता येईल का. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट आठवा. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात मुंबईकरांनी ते विमान डोळ्यांनी पाहिलं, नोंदणी मात्र २०१७ मध्ये मिळाली. इथे मी हँगरमध्ये बसून स्वतःच्या सहीने मोकळा होतो, त्यामागे दशकांची घडी बसलेली आहे.

एप्रिल: हवेत

स्वच्छ दिवस, विमानतळाच्या वरच ३५०० फूट, दुपारची वेळ. मुख्य अल्टरनेटर बंद केला. व्होल्टेज १४.२ वरून १२.६ वर आलं आणि इशाऱ्याचा दिवा लागला. गरजेच्या बसची पर्यायी वाट चालू, मास्टर बंद, दुसरा अल्टरनेटर चालू. या क्रमाने केलं की डिस्प्ले एकदाही पापणी लववत नाही. २४००वर व्होल्टेज १३.७ला स्थिर, बॅटरीत थोडी वीज जमा होत असलेली दिसली. रेडिओचं बटण दाबून धरलं की १३ च्या खाली, सोडलं की परत वर.

मग पॉवर कमी केली. १८००ला जेमतेम बरोबरी. उतरतानाच्या वेगाला दुसरा अल्टरनेटर जवळपास काहीच देत नाही, बॅटरीच सगळं ओढते. हे अपेक्षितच होतं. पण यावरून एक गोष्ट चेकलिस्टमध्ये लिहिली: वीज गेल्यावर लांबचा, इंजिन मंद ठेवलेला उतार नको, उंची पॉवर ठेवूनच कमी करायची. आणि शेवटच्या टप्प्यात मास्टर पुन्हा चालू करून लँडिंग लाइट, बूस्ट पंप (पेट्रोलचा विजेवरचा जादा पंप), फ्लॅप, जे हवं ते बिनधास्त वापरायचं. इथवर येताना बॅटरी भरलेली आहे, तिला आता पाच मिनिटंच काम आहे. फ्लॅप विजेवर असतात हे आरव्हीवाल्यांनी विसरू नये. मास्टर बंद असताना ते हलत नाहीत.

पुढचं काम: इशाऱ्याचा दिवा सध्या व्होल्टेज १३ च्या खाली गेल्यावर लागतो आणि चाचणीत रेडिओवर बोलताना प्रत्येक वेळी लुकलुकत होता. त्याला काही सेकंदांची उसंत देणारं छोटं सर्किट करतो आहे. कुणी आधी केलं असेल तर आकृती पाठवा. आणि २५ तासांनंतर इंजिनावरचं काउलिंग (आवरण) उघडून सील पाझरतंय का ते बघून कळवतो.