थंड पाण्यात तेलकट डाग: आतापर्यंत हाती काय आलं

थंड म्हणजे नळातून येतं तसं, साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअसचं पाणी. सुती कापडावरचा ताज्या खाद्यतेलाचा डाग आता या पाण्यात भरवशाने निघतो. लोणी, चरबी असले गोठणारे डाग बहुतेकदा दुसऱ्या धुण्यात जातात. पॉलिएस्टरवरचं वंगण अजून पूर्ण हटत नाही. थंड पाण्यात डागाचा निकाल कापड पाण्यात पडण्याआधीच लागतो. बादलीत किंवा मशीनमध्ये फक्त सुटलेलं तेल वाहून जातं.

कोरड्या कापडावर सुरुवात

वर साचलेलं तेल आधी चमच्याच्या कडेने काढायचं, मग टिश्यू दाबून टिपायचं. घासलं की डाग पसरतो. डाग ताजा आणि पातळ तेलाचा असेल तर त्यावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर अर्धा तास ठेवून झटकायचं.

त्यानंतर भांडी घासायचं लिक्विड, तेही कोरड्या कापडावरच. कापड आधी ओलं केलं की धाग्यांमधल्या फटी पाण्याने भरतात, लिक्विड तिथेच पातळ होतं आणि तेलापर्यंत जोर उरत नाही. अंगठ्याच्या नखाएवढ्या डागाला ४-५ थेंब पुरतात. बोटाने चोळायचं, कापड उलटवून मागूनही चोळायचं आणि १५ मिनिटं ठेवायचं. वाळू मात्र द्यायचं नाही. मग चमचाभर पाणी घालून पुन्हा चोळलं की दुधाळ फेस येतो. तो दिसला की समजायचं, तेल सुटायला लागलं. रंगीत कापड असेल तर हे सगळं आधी आतल्या शिवणीवर करून रंग जातो का ते पाहायचं.

मशीनमध्ये टाकण्याआधी हे लिक्विड हाताने विसळून काढणं गरजेचं आहे. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये त्याचा फेस इतका होतो की कपडे आपटले जात नाहीत आणि साबण नीट निघत नाही.

गोठणारी चरबी

खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली गोठतं, लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. सूर्यफुलाचं तेल मात्र थंडीतही पातळच राहतं. पातळ तेलाला डिटर्जंट धाग्यावरून गुंडाळून त्याचे थेंब करतो आणि ते सुटतात. घट्ट चरबीचे थेंब होतच नाहीत, म्हणून ती जागची हलत नाही. अशा डागावर लिक्विड चोळून झाल्यावर फक्त तेवढ्याच जागेवर ४०-४५ अंशांचं मगभर पाणी ओतायचं. बाकी धुणं थंडच ठेवायचं. कापडाच्या लेबलवर तेवढीही ऊब चालत नसेल तर भिस्त लायपेज या चरबी तोडणाऱ्या एन्झाइमवर.

लायपेज आणि दुसरं धुणं

लायपेज चरबीचे रेणू तोडतं. डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने १९८८ साली ‘लायपोलेज’ आणलं, तेव्हापासून ते डिटर्जंटमध्ये रुळलं. तरी प्रत्येक ‘एन्झाइमवाल्या’ पावडरीत ते असतंच असं नाही. अनेकांत प्रथिनं तोडणारं प्रोटिएज आणि पिष्ट तोडणारं अमायलेज एवढंच असतं. म्हणून लेबलवर लायपेज हा शब्द शोधायचा.

१ लिटर पाण्याला सुमारे १० ग्रॅम पावडर घ्यायची. थंड पाण्यात तिच्या गुठळ्या राहतात, म्हणून आधी कोमट पाण्याच्या मगात विरघळवायची. कडकडीत पाण्यात एन्झाइम मरतं आणि क्लोरीनचं ब्लीच घातलं तरी तेच होतं. सुती कापड २-३ तास भिजवायचं. रेशीम आणि लोकर इथून बाजूला ठेवायची, कारण प्रोटिएज त्यांचे धागे खातं.

आता यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. धुण्यानंतर थोडं लायपेज कापडाला चिकटून राहतं आणि कापड अर्धवट ओलं असताना, म्हणजे वाळता वाळता, त्याचं काम जोरात चालतं. तुटलेली चरबी पुढच्या धुण्यात निघते. पहिल्या धुण्यानंतर फिका डाग दिसला तर हार मानायची नाही. सावलीत वाळवून पुन्हा धुवायचं. मधे इस्त्री किंवा ड्रायर अजिबात नको. उष्णतेने तेल हवेशी जोडलं जाऊन पिवळं, चिवट होतं आणि मग ते कशालाच दाद देत नाही.

वंगण आणि पॉलिएस्टर

सायकलच्या चेनचं वंगण खनिज तेलाचं असेल तर लायपेजला त्यात तोडायला काहीच नसतं. कापडाखाली जुनं फडकं ठेवून व्हाइट स्पिरिटच्या (रंग पातळ करायच्या द्रावणाच्या) बोळ्याने कडेकडून मध्याकडे टिपायचं आणि फडकं काळं झालं की बदलायचं. मग लिक्विड. वास पूर्ण जाईपर्यंत कापड बाहेर मोकळ्या हवेत टांगायचं. स्पिरिटचा वास येणारं कापड मशीन-ड्रायरमध्ये घालणं म्हणजे आगीला निमंत्रण.

पॉलिएस्टरला तेलाची ओढ आणि पाण्याचं वावडं, त्यामुळे तिथे लिक्विडचा हात दोनदा फिरवावा लागतो. सॉफ्टनर बंद. त्याचा मेणचट थर पुढचं तेल धरून ठेवतो.

तपासणी

ओल्या कापडावर डाग लपतो, म्हणून निकाल पूर्ण वाळल्यावरच, उजेडात कापड तिरपं धरून पाहायचा. सुती कापडावर डागाच्या जागी पाण्याचा एक थेंब टाकायचा. लगेच मुरला तर जागा स्वच्छ. थेंब तसाच बसून राहिला तर बहुधा तेल शिल्लक आहे. ताज्या सॉफ्टनरच्या थरावरही थेंब बसतो, हे लक्षात असू द्यावं. पॉलिएस्टरवर ही चाचणी फसवी ठरते. तिथे शेजारच्या स्वच्छ भागावरही थेंब टाकून दोन्हींची तुलना करायची.

पुढे पॉलिएस्टरवर लिक्विडनंतर धुण्याचा सोडा, १ लिटरला चमचाभर, हे वंगण आणि खाद्यतेल या दोन्हींवर वेगवेगळं तपासायचं आहे.