वाजवताना काही वाजवायचं नाही

वाजवताना काही वाजवायचं नाही, एवढीच योगवर्गाच्या मॅडमची अट होती. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एका टॉवरच्या तळमजल्यावर हा योगवर्ग चालतो. तिथं अधूनमधून रविवारी ‘शामानिक ड्रम जर्नी’ असते, म्हणजे शामानच्या, आत्म्यांशी बोलणाऱ्या भगतासारख्या माणसाच्या, रीतीनं ढोलाच्या ठोक्यांवर मनातल्या मनात केलेला प्रवास. आधीचा वाजवणारा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि कुणीतरी माझा नंबर दिला. ढोलकी नाही, संबळ नाही. हातात एका बाजूनं मढवलेला चपटा गोल ढोल आणि टोकाला लोकर गुंडाळलेली काठी. सेकंदाला साधारण चार ठोके, पंधरा-वीस मिनिटं, सगळे सारखे. उठाव नाही, तोडा नाही, सम नाही. लहानपणापासून संबळ वाजवणाऱ्याला हे किती जड जातं ते वाजवणाऱ्यालाच कळेल. पाच मिनिटांत हात आपणहून कुठंतरी वळायला बघतो, त्याला दाबून धरावं लागतं.

आम्ही गोंधळी. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. ते सोलापूरकडून वागळे इस्टेटच्या कारखान्यात आले, दिवसा मशीनवर उभे राहिले आणि रात्री गोंधळ घालत राहिले. मी त्याच वागळेत एका छोट्या कंपनीचे हिशेब बघतो. सुपारी आली की अण्णांच्या मागं संबळ बांधून उभा.

तर योगवर्गात काय होतं ते सांगतो. माणसं सतरंजीवर आडवी होतात, डोळ्यांवर पट्टी. मॅडम हळू आवाजात सांगतात की जमिनीत शिरायची एखादी वाट डोळ्यांसमोर आणा, झाडाच्या मुळाशी पोकळी, बीळ, विहीर, काहीही. तिथून खाली उतरा. तिथं एखादा प्राणी भेटेल, तो तुमचा सोबती. मग मी वाजवतो. परतीची खूण ठरलेली: ढोल थांबतो, सात ठोके चार वेळा, मग थोडा वेळ भराभर, आणि पुन्हा सात ठोके चार वेळा. माणसं उठून बसतात, ग्रीन टी येतो, कुणाला काय दिसलं ते सांगणं सुरू होतं. लांडगा दिसतो, गरुड दिसतो. एकीला पांढरं अस्वल दिसलं. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, तिथं खरा बिबट्या फिरतो, तिथल्या पाड्यांवरचे वारली वाघोबाला मानतात. पण कुणाच्याही प्रवासात आमच्या ठाण्याचा बिबट्या आलेला मी अजून तरी ऐकलेला नाही.

ही पद्धत मायकेल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाची. ते १९५० च्या दशकात इक्वेडोरमधल्या शुआर लोकांत राहिले, पुढं पेरूत कोनिबो लोकांकडे त्यांनी आयाहुआस्का हा वेलीचा काढा घेतला. त्यातून त्यांचं असं मत झालं की गावोगावचे देव आणि कथा वेगळ्या असल्या तरी खालचं तंत्र सगळीकडं एकच आहे. ते तेवढं उचललं की कुणालाही शिकवता येतं. काढ्याचीही गरज नाही, एकसुरी ढोल पुरे. १९७९ मध्ये त्यांनी त्यासाठी संस्थाही काढली. म्हणजे देव बाजूला, गाव बाजूला, भाषा बाजूला. उरलेला ढोल माझ्या हातात.

आता गोंधळ बघा. माजिवड्याला एका टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर, लग्नानंतरचा कुलाचार होता. पाच ऊस रसवंतीवाल्याकडून आणले, ते फरशीवर उभे राहीनात म्हणून टीव्हीच्या कपाटाला सुतळीनं बांधले. चौरंगावर नवं कापड, त्यावर तांदळाचा चौक, कलश. दिवटी पेटवायच्या आधी घरमालकानं स्टुलावर चढून छतावरच्या स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली. दहाच्या आत आटपा, असं सोसायटीच्या सेक्रेटरीनं आधीच बजावलं होतं. पूर्वी रात्रभर चालायचं ते आता सहाला उभं करून पावणेदहाला आरतीवर आणावं लागतं.

अण्णांनी आवतण दिलं. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडेराया, एकेकाचं गाव घेऊन हाक. गोंधळात आपण कुठंही उतरत नाही, कुठं जात नाही. ज्याला यायचं त्यानं इथं यायचं, पाहुण्यांच्या चपला पडल्यात तिथून आत.

नऊच्या सुमारास घरच्या मोठ्या काकूंना वारं आलं. आधी खांदे, मग मान, मग केस सुटले. घरमालक पुढं झाले, हात जोडून विचारलं, “कोण आलंय माय? काय चुकलं?” काकूंच्या तोंडून आलं, “पानं मांडलीस, एक कमी का मांडलंस?” धाकट्या भावाला बोलावलं नव्हतं. गावच्या जमिनीवरून बोलणं बंद होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि संध्याकाळपासून एकानंही त्याचं नाव काढलं नव्हतं. “त्याच्या घरची ओटी आल्याबिगर माझं समाधान नाही,” एवढं बोलून काकू झुलायला लागल्या.

अशा वेळी संबळवाल्याचं काम असतं. अण्णांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. लय चढवायची नाही, एकदम तोडायचीही नाही. माणसाच्या खांद्यावर नजर ठेवायची आणि त्याच्या दमानं उतरवत आणायची. तोवर बायका पाठीमागून धरतात, कपाळाला कुंकू लागतं, कुणीतरी पाणी आणतं. वारं आलेल्या माणसाला मध्येच सोडायचं नाही, हे अण्णांनी मला ताल शिकवायच्या आधी शिकवलं.

घरमालकांनी धाकट्याला त्याच रात्री फोन लावला. लिफ्टपाशी, माझ्यासमोर. पुढं काय झालं ते विचारायचा आमचा संबंध नाही.

देवी होती की काकू होत्या? पोरगा असताना मी अण्णांना असलंच काहीतरी विचारलं होतं. “आपण वाजवायला जातो, तपासायला न्हाई,” म्हणाले. माझं विचाराल तर मला तो प्रश्न आता तितका मोठा वाटत नाही. जे कुणी होतं ते स्वतःसाठी आलं नव्हतं.

मेक्सिकोतल्या मारिया साबिना यांच्याबद्दल वाचलं तेव्हा हे मला नीट कळलं. ओआहाका भागातल्या वाउत्ला गावच्या या माझातेक बाई. रात्री जागर मांडायच्या, विशिष्ट अळंबी खाऊन गात राहायच्या आणि आजाऱ्याला काय झालंय ते सांगायच्या. १९५५ मध्ये गॉर्डन वासन हे न्यूयॉर्कचे बँकर त्यांच्याकडं येऊन जागराला बसले. १९५७ मध्ये त्यांनी ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख लिहिला. त्यात बाईंचं नाव बदललं होतं, तरी लोकांनी गाव हुडकून काढलं. मग परदेशी पोरांची रीघ लागली, पोलीस आले, गावकरी बाईंवर उलटले, त्यांचं घर जाळलं गेलं. म्हातारपणी बाईंनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही: वासनच्या आधी नुसता देव शोधायला म्हणून कुणी अळंबी खात नव्हतं, आजारी माणूस बरा व्हावा म्हणून खायचे.

सैबेरियात, जिथून हे शामान प्रकरण जगाला माहीत झालं, तिथंही असंच. कुणाचा जीव हरवला म्हणून तो परत आणायला, शिकार मिळेना म्हणून विचारायला, शामान ढोल घ्यायचा. बऱ्याच जणांना हे काम नकोच असायचं. आजारपण यायचं, मेलेले पूर्वज पिच्छा सोडायचे नाहीत आणि शेवटी पत्करावं लागायचं. सोव्हिएत राजवटीत त्यांचे ढोल जप्त झाले, माणसं तुरुंगात गेली. एकट्यानं डोळे मिटून करायचा आत्मशोध असता तर सरकारनं ढोलाला भ्यायचं कारण नव्हतं. शामानच्या मागं गाव होतं.

पण आपलं जुनं ते सोनं म्हणून मोकळं व्हावं, असं मला अजिबात वाटत नाही. जो दुसऱ्याच्या कामाला येतो त्याचा दुसऱ्यावर हक्कही चालायला लागतो. आमच्या कंपनीत शहापूरकडचा एक जण होता. त्याच्या वडिलांना मण्यार चावला, तर भगत रात्रभर तांदूळ मांडत बसला. सकाळी दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. आईबापांचा नवस फेडायला खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलेल्या पोरींना कुणी विचारलं नव्हतं. भुताळी ठरवून बायकांना मारल्याच्या बातम्या आपण वाचतोच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. अण्णांनी तेव्हा मला त्याची अनुसूची मोठ्यानं वाचायला लावली. आपण त्यात बसतो का, ही धास्ती. साप चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा. अंगात शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, ऐकलं नाही तर वाईट होईल म्हणून धमकावणं गुन्हा. अण्णांनी ऐकून घेतलं. “म्हंजे भ्या घालायचं न्हाई. मग बरोबरच हाय की,” म्हणाले आणि चहा मागितला.

त्या हिशेबानं घोडबंदरची खोली फार सुरक्षित. तिथं कुणी कुणाला काही सांगतच नाही. “दादा, प्रत्येकाचा प्रवास त्याचा त्याचा,” असं मॅडम म्हणतात, आणि त्यात त्यांचा प्रामाणिकपणा आहे. फी ऐकून मी दचकलो होतो, पण माणसं फसवलेली दिसत नाहीत.

एकदा मात्र एक रिटायर्ड गृहस्थ परतीचे ठोके वाजले तरी उठले नाहीत. पट्टीखालून पाणी वाहत होतं. नंतर म्हणाले, बायको गेली तेव्हा रडू आलं नव्हतं. बाकीच्यांनी मान हलवली, कुणीतरी ‘थँक्यू फॉर शेअरिंग’ म्हटलं, आणि थोड्या वेळात सगळे आपापल्या गाडीपाशी. काका चप्पल शोधत होते. मी त्यांना कापूरबावडीपर्यंत स्कूटरवर सोडलं. रस्ताभर ते मेट्रोच्या खांबांबद्दल बोलले.

त्यानंतर मी मॅडमशी जरा भांडलो. चेहरे झाकलेले असतात म्हणून मी पायांकडं बघत वाजवतो. पायाची बोटं आवळलेली असली की माणूस अजून कशात तरी आहे, हे कळतं. आणि नेमक्या त्याच वेळी मोबाईलवरचा टायमर वाजतो आणि मॅडम मला हात करतात. मी म्हटलं, टायमर तुमच्याकडं राहू द्या, पण थांबायचं कधी ते मी ठरवणार. त्या म्हणाल्या, पद्धत ठरलेली आहे, शिवाय पुढची बॅच दारात उभी असते. दोघांचंही खरं होतं. शेवटी दोन मिनिटं मिळाली. मी पाच मागितली होती. पुढच्या रविवारी कळव्याला गोंधळ आहे, त्यामुळं योगवर्गासाठी मॅडमनी दुसरा वाजवणारा बघितलाय. त्याला पायांचं सांगायला मी फोन केला होता, त्यानं उचलला नाही.